खाजणाचा बांध आणि गांवकीचें दप्तर

(१)

कोंकण आणि गोमंतक या प्रांतांच्या इतिहासाचीं साधनें आजवर बहुधा किल्ले, आरमार, देवस्थानें व वतनें यांच्या अंगानें तपासलीं गेलीं आहेत. या सर्वांचा निर्वाह ज्या भातावर झाला, त्यांतील पुष्कळसें भात खाडीकांठच्या मातीच्या बांधांआड पिकत असे. त्या बांधांचा इतिहास मात्र उपेक्षित राहिला. फिलिप नेरी शावियेर यांनीं १८५२ सालीं गोव्याच्या ग्रामसंस्थांवर पोर्तुगीज भाषेंत ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि दामोदर धर्मानंद कोसंबी यांनीं १९४७ सालीं जुन्या काबिजादींतील ग्रामसंस्थांवर इंग्रजींत निबंध लिहिला. परंतु बांध हाच मुख्य विषय धरून जुन्या लेखांची संगति लावण्याचें काम अद्यापि पुष्कळ शिल्लक आहे.

भरतीच्या पाण्याखालीं जाणारी जमीन कोणाची, आणि तिचें रक्षण कोणीं करावयाचें, हा प्रश्न ताम्रपटांच्या काळापासून आजच्या न्यायालयांपर्यंत चालत आलेला आहे. आज समुद्राची पातळी वाढत असतां आणि खाडीकांठच्या जमिनीस सोन्याचा भाव आला असतां तो अधिकच निकडीचा झाला आहे. प्रस्तुत लेखांत असें दाखविण्याचा यत्न केला आहे कीं, बांध फुटण्यास समुद्राचें बळ जितकें कारण होतें, तितकेंच बांधाची जबाबदारी कोणाची, याचा निर्णय सुटणें हेंही कारण होतें. आणि हा निर्णय ज्या कागदांत नमूद आहे, ते कागद जतन करणें हें खाजणाच्या रक्षणाचेंच एक अंग आहे.

(२)

या विषयाचें अति प्राचीन साधन म्हणजे फोंडें तालुक्यांतील बांदिवडें गांवीं सांपडलेला, कोंकणच्या मौर्य कुळांतील अनिर्जितवर्मा राजाचा ताम्रपट होय. अक्षरवटिकेवरून तो इसवी सनाच्या पांचव्या-सहाव्या शतकाच्या सुमाराचा मानतात. कुमारद्वीप येथून हें शासन सुटलें असून, कुमारद्वीप म्हणजे आजचें कुंभारजुवें असावें, असें कांहीं संशोधकांचें मत आहे. हस्त्यार्य नांवाच्या ब्राह्मणास एक हल 'खज्जन' जमीन करमुक्त करून दिल्याचें त्यांत नमूद आहे. दान घेणारानें मजूर लावून तेथील रान तोडावें, समुद्राच्या बाजूस बांध घालावा व ती जमीन पिकाऊ करावी, असा त्या दानाचा आशय आहे.

या छोट्याशा लेखांत तीन गोष्टी ध्यानांत घेण्याजोग्या आहेत. पहिली ही कीं, संस्कृत शासनांत 'खज्जन' हा देशी शब्द जसाच्या तसा आलेला आहे. यावरून ही जमीन, तिचें नांव व तिची मशागत या सर्वांची लोकांत आधींपासून ओळख होती, असें अनुमान निघतें. राजानें नवी कल्पना काढली नाहीं, चालू रीतीस शासनाचा आधार दिला. दुसरी गोष्ट ही कीं, दिलेली जमीन दानकाळीं पिकाऊ नव्हती. राजानें दिलें तें शेत नव्हे. शेत करण्याचा अधिकार आणि बांध घालण्याचें काम हीं दोन्ही त्यानें एकत्र दिलीं. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हक्क आणि बांध यांची गांठ येथें प्रथमच लेखांत पडलेली दिसते, आणि पुढील चौदा शतकें ही गांठ जेथें जेथें टिकली तेथें खाजण टिकलें.

याच बांदिवडें गांवीं नागेशीचा शके १३३५ चा, म्हणजे इ. स. १४१३ चा, शिलालेख आहे. विजयनगरच्या अमलांतील या लेखांत नागेश व महालक्ष्मी या देवस्थानांस दिलेल्या दानाची नोंद आहे. राजवटी बदलल्या तरी त्याच पाणथळ मुलुखांत वस्ती व देवस्थानें अखंड नांदत राहिलीं, याची साक्ष म्हणून त्याचा येथें उल्लेख केला.

(३)

खाजण म्हणजे काय, हें न पाहिलेल्या वाचकांसाठीं त्याची रचना थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. मांडवी, जुवारी इत्यादि नद्यांच्या मुखापासून कित्येक कोस आंतपर्यंत समुद्राची भरती दिवसांतून दोन वेळां चढते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते, अष्टमीच्या सुमारास भांगाची. या नद्यांच्या कांठच्या सखल जमिनी स्वभावतः भरतीच्या पातळीच्या खालीं आहेत. तेथें चिखल, चिरे, पेंढा व झाडांच्या फांद्या यांचा बांध घालून नदीचें खारें पाणी बाहेर थोपवितात. बांधाच्या पाण्याकडील अंगास कांदळ व तिवर यांचीं झाडें राखतात. त्यांच्या मुळांनीं लाटांचा मार सोसतो आणि गाळ धरून राहतो.

बांधांत योग्य जागीं पाण्याचा दरवाजा ठेवलेला असतो. त्यास गोमंतकांत मानस म्हणतात. त्याचीं लांकडी दारें अशा बेतानें बसविलेलीं असतात कीं, भरतीचें पाणी बाहेरून रेटूं लागलें म्हणजे तीं आपोआप मिटतात, आणि ओहोटी लागून बाहेरची पातळी उतरली म्हणजे आंतील पाण्याच्या दाबानें आपोआप उघडतात. चंद्राच्या गतीनें चालणारें असें हें यंत्र असून त्यास माणसाची देखरेख लागते, पण बळ लागत नाहीं. मानशीच्या आंत पाण्याचा डोह असतो, त्यास पोंय म्हणतात. पावसाचें पाणी शेतांतून उतरून येथें सांठतें व ओहोटीस बाहेर जातें. आणि पिकाचा हंगाम संपल्यावर बेतानें आंत घेतलेलें खारें पाणीही येथेंच खेळतें. त्या पाण्याबरोबर मासळी व कोळंबी येते.

पावसाळ्यांत जमिनीवरील क्षार धुऊन गेला म्हणजे खाजणांत कोरगूट, आसगो यांसारखीं खारट जमीन सोसणारीं भातें पिकतात. ओहोटीच्या वेळीं मानशीशीं जाळें लावून मासळी धरण्याचा हक्क दर वर्षीं पावणी करून, म्हणजे लिलांवानें, दिला जाई व त्याचें उत्पन्न गांवच्या खजिन्यांत जमा होई. भात, मासळी, मीठ आणि बांध या चारही गोष्टी एकाच जमाखर्चांत बसविलेल्या होत्या. मासळीच्या लोभानें खारें पाणी अधिक घ्यावें तर भात मरतें. भाताच्या लोभानें पाणी अगदीं बंद करावें तर मासळी व तिचें उत्पन्न बुडतें. हा तोल राखणें हेंच गांवकीचें कसब होतें. गोव्यांत अशा जमिनीचें क्षेत्र सुमारें १७ ते १८ हजार हेक्टर असल्याचें सांगतात. एवढ्या छोट्या प्रांतांत हें प्रमाण लहान नव्हे.

(४)

पोर्तुगीज अमलांतील पहिलें महत्त्वाचें साधन म्हणजे अफोन्सो मेशिया या महसुली अधिकाऱ्यानें १५२६ सालीं तयार केलेली तिसवाडी बेटांतील गांवकर व कुळें यांच्या वहिवाटींची सनद होय. पूर्वीं ओसाड असलेल्या एका बेटांत चार पुरुष आले, त्यांनीं तें लागवडीस आणिलें, आणि त्यांच्या वंशजांस गांवकर हें नांव पडलें, अशी दंतकथा त्या सनदेंत नोंदलेली आहे. चार पुरुषांची ही गोष्ट अक्षरशः इतिहास म्हणून घेणें युक्त नाहीं. तथापि तिच्यांतील तत्त्व ताम्रपटाशीं जुळतें. जमीन ज्यानें पाण्यापासून सोडविली त्याचा तिजवर हक्क. आणि तो हक्क एका माणसाचा नसून समुदायाचा.

सत्ता बदलली तरी विजेत्यांनीं ही वहिवाट मोडली नाहीं, लिहून घेतली. त्याचें कारण उघड आहे. वसूल पाहिजे तर भात पाहिजे, भात पाहिजे तर बांध पाहिजे, आणि बांध पाहिजे तर रात्रीं-अपरात्रीं उधाणांत चिखल घेऊन धांवणारा गांव पाहिजे. दूर देशाच्या राजाच्या आज्ञेनें बांध उभा राहत नाहीं. पुढें १९०४ सालीं व नंतर १९६१ च्या एप्रिलमध्यें ग्रामसंस्थांच्या संहिता निघाल्या. या मोठ्या अवधींत जुलूम झाले नाहींत असें नव्हे. गांवकरांचा नफ्यांतील वांटा जन्मानें ठरत असे, आणि चिखलांत उभा राहून बांध धरणारा पुष्कळदां निराळाच असे. गांवकीची स्तुति करतांना हा भेद झांकणें इतिहासास शोभणारें नाहीं.

१९६१ च्या डिसेंबरांत गोवा मुक्त झाला. १९६४ सालीं कूळकायदा झाला, आणि १९७६ च्या दुरुस्तीनें कसणारें कूळ जमिनीचें मालक झालें. हा न्याय उशिरांच मिळाला, यांत शंका नाहीं. बांधाच्या सामाइक जबाबदारीसंबंधानें १९७५ सालीं स्वतंत्र नियम करून ती कुळांच्या संघांकडे सोंपविण्यांत आली. म्हणजे कायदा करणारांस बांधाचा विसर पडला होता, असें म्हणतां येत नाहीं. परंतु मासळीची पावणी, भाताचें खंड व बांधाचा खर्च यांचा जो एकच जमाखर्च होता, तो या फेरबदलांत दुभंगला. कित्येक ठिकाणीं मानशीचा मक्ता घेणारास भाताशीं कर्तव्य उरलें नाहीं. त्यानें मासळीसाठीं दारें वेळीं-अवेळीं उघडीं ठेवावीं, खारें पाणी शेतांत पसरावें, आणि भात बुडालें म्हणजे कुळानें शेत सोडावें, असा क्रम सुरू झाला. सोडलेलें शेत पडीक ठरलें, आणि पडीक ठरलेल्या शेतावर घरें व रस्ते बांधणारांची दृष्टि गेली.

(५)

उत्तर कोंकणांतील साधनें याच निष्कर्षास पुष्टि देतात. कुलाबा, म्हणजे आजचा रायगड, व ठाणें या जिल्ह्यांत अशा जमिनीस खार म्हणतात, आणि अलिबाग-पेणकडील खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यास खारेपाट. मानशीच्या जागीं येथें उघाडी हा शब्द आहे, आणि बांध फुटून पडणाऱ्या खिंडारास खांड. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत पेण वगैरे भागांतील पुष्कळ खार शिलोत्रीदार नांवाच्या मातबर लोकांनीं बांधून काढले. त्यांचा करार असा असे कीं, बाहेरचा मोठा बांध शिलोत्रीदारानें घालावा व निरंतर दुरुस्त राखावा. त्याबद्दल कुळानें सरकारधाऱ्याखेरीज बिघ्यामागें ठराविक भात त्यास द्यावें. येथेंही हक्क आणि बांध यांची तीच गांठ आहे. मात्र गोमंतकांत ती गांवाशीं होती, येथें एका असामीशीं.

हा भेद पुढें फार महत्त्वाचा ठरला. शिलोत्रीदाराचा वारस भात घेत राहिला व बांधाकडे दुर्लक्ष करूं लागला, तर कुळाचें दुहेरी मरण होई. खारेपाटांत सावकारी व खोती यांच्या जाचाविरुद्ध नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखालीं अलिबाग तालुक्यांतील चरी गांवीं १९३३ सालीं शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. तो १९३९ पर्यंत चालला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा त्यास पाठिंबा होता. भारतांतील शेतकऱ्यांच्या इतक्या दीर्घ मुदतीच्या लढ्याची कथा कूळकायद्याच्या इतिहासांत सांगतात. ती खाऱ्या जमिनीच्या इतिहासांतही सांगितली पाहिजे, कारण ज्या मुलुखांत ती घडली तो समुद्रापासून सोडविलेला मुलूख होता.

मुंबई सरकारनें १९४८ सालीं खार जमिनींचा कायदा केला आणि महाराष्ट्र राज्यानें १९७९ सालीं खार जमीन विकासाचा नवा कायदा केला. त्यायोगें पुष्कळ बांधांची जबाबदारी सरकारकडे आली. सरकारी बांध पुष्कळदां अधिक उंच व भक्कम असतो. परंतु पहिली लहानशी खांड पडते त्या रात्रीं सरकार तेथें नसतें. एका रात्रींत फावड्यांनीं बुजणारी खांड अर्ज, अंदाजपत्रक व मंजुरी यांची वाट पाहूं लागली, कीं दोन उधाणांत ती कित्येक हात रुंद होते.

(६)

येथें एक आक्षेप संभवतो, आणि तो टाळणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. ताम्रपटांतील दान घेणारास रान तोडण्याची आज्ञा आहे. तें रान कांदळवनच असलें पाहिजे. मग खाजण हें पाणथळीचें रक्षण कीं पाणथळीचा नाश? आज भराव घालून इमारती उठविणारे आपण त्याच परंपरेंतले आहोंत असें म्हणूं लागले, तर त्यांस उत्तर काय?

याचें उत्तर मुंबईच्या इतिहासांत मिळतें. अठराव्या शतकांत गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याच्या कारकीर्दींत महालक्ष्मी व वरळी यांमधील खिंड बांध घालून बंद करण्यांत आली, आणि भरतीखालीं जाणारा मोठा सखल प्रदेश कोरडा झाला. तेथपर्यंत हें काम खाजणासारखेंच होतें. परंतु पुढें त्या सखल जमिनीवर व नंतर किनाऱ्यावरही माती व दगड यांचा भराव पडत गेला, आणि सात बेटांचें एक शहर झालें. खाजणांत जमिनीची पातळी तीच राहते, पाण्यास येण्या-जाण्याचा मार्ग राहतो, पोंय राहते, बांधाबाहेर कांदळ राहतात, आणि बांध सोडून दिला तर जमीन पुनः खाडीची होते. भरावानें हें सर्व संपतें. खाजण हा समुद्राशीं केलेला करार आहे व तो दर वर्षीं नवा करावा लागतो. भराव हा खरेदीखताचा डौल आणतो. पण विकणारा समुद्र त्यावर सही करीत नाहीं.

२६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मिठी नदीच्या मुखाशीं, जेथें पूर्वीं पाणी पसरावयास सखल जमीन व कांदळवन होतें, तेथें भराव व इमारती झाल्या होत्या. भरतीच्या वेळीं पावसाच्या पाण्यास बाहेर जाण्यास वाट व थांबण्यास जागा उरली नाहीं. पोंय म्हणून जी जागा खाजणांत मुद्दाम रिकामी राखीत, तिचें मोल त्या दिवशीं एका महानगरास कळलें.

गोमंतकांतही हा वाद निराळ्या रूपानें उभा राहिला. कोंकण रेल्वेचा मार्ग खाजणांतून उंच भरावावरून नेण्याच्या योजनेविरुद्ध १९९२-९३ च्या सुमारास तेथें चळवळ झाली, उच्च न्यायालयांत दावा झाला व चौकशीसाठीं ओझा आयोग नेमला गेला. दावा फेटाळला गेला आणि १९९८ सालीं संपूर्ण मार्ग सुरू झाला. रेल्वेनें कोंकणाची मोठी सोय केली, हें नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु भरतीच्या मैदानांत आडवा घातलेला भराव हा केवळ मार्ग नसून बांधही असतो, आणि त्याच्या मानशींचा विचार मार्गाच्या आंखणीबरोबरच झाला पाहिजे, हा त्या वादाचा बोध आहे.

(७)

या जमिनींत मनुष्य एकटा राहत नाहीं. कुंभारजुव्याच्या कालव्यांत सुसरींची वस्ती आहे. प्राणिशास्त्रज्ञ या प्राण्यास मगर म्हणतात. पोंयींत व मानशींच्या आसपास पाणमांजरें मासळीवर जगतात. हिंवाळ्यांत दूरदेशचे पक्षी खाजणांत उतरतात. मांडवीच्या मुखाजवळील चोडण बेटाच्या टोंकाशीं असलेलें कांदळवन १९८८ सालीं सलीम अली यांच्या नांवें पक्षि-अभयारण्य झालें. दुर्भाट, भोम वगैरे गांवीं पौष महिन्यांत मांगे थापणी नांवाचा विधि होतो. खाजणाच्या कांठीं चिखलाची सुसर करून तिची पूजा करतात. बांधाच्या सीमेवर वावरणाऱ्या भयंकर प्राण्यास शत्रु न मानतां त्या जागेचा रक्षक मानण्याची ही वहिवाट आहे. लोकांच्या आचारांतील हा लेख कोणत्याही ताम्रपटाइतकाच वाचनीय आहे.

कायद्यानें अलीकडे या भूमीची दखल घेतली आहे. किनाऱ्याच्या नियमनाची पहिली अधिसूचना १९९१ च्या फेब्रुवारींत निघाली. २०११ च्या अधिसूचनेंत गोव्याच्या खाजणांचा नांवानिशीं उल्लेख करून, त्यांचे नकाशे करावे, कांदळवन राखावें व तेथें विकासाचीं कामें होऊं देऊं नयेत, असें म्हटलें होतें. २०१९ सालीं तिच्या जागीं नवी अधिसूचना आली. मुंबई उच्च न्यायालयानें २००५ सालीं कांदळवनाच्या तोडीस मनाई केली व २०१८ च्या निकालांत त्या नाशास जीविताच्या मूलभूत हक्काचा भंग ठरविलें. ठाण्याच्या खाडींत, जेथें दर वर्षीं रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, तेथें २०१५ सालीं सुमारें १,६९० हेक्टरांचें अभयारण्य झालें. २०२२ सालीं त्या खाडीस रामसर कराराखालील पाणथळीचा दर्जा मिळाला.

परंतु येथें एक विचित्र पेंच उत्पन्न होतो. बांध फुटून खारें पाणी शेतांत राहिलें, तर थोड्याच वर्षांत तेथें कांदळ उगवतात. मग तें वन संरक्षित ठरतें आणि शेत परत सोडविण्यास कुळास मार्ग राहत नाहीं. एका रक्षणानें दुसरें रक्षण अडविलें, अशी ही स्थिति होय. जेथें बांध पूर्वापार होता तेथें तो राखावा, आणि जेथें वन पूर्वापार होतें तेथें वन राखावें, हा न्याय कोणासही पटेल; परंतु पूर्वापार काय होतें, हें सांगणार कोण? तें जुने कागदच सांगतील.

त्यांत समुद्र स्थिर राहिलेला नाहीं. मुंबई बंदरांत १८७८ पासून भरतीचें मोजमाप चालू आहे. एवढी दीर्घ नोंद आशिया खंडांत फार थोड्या ठिकाणीं आहे. पृथ्वीवरील समुद्राची सरासरी पातळी १९०१ ते २०१८ या काळांत सुमारें २० सेंटिमीटरांनीं वाढली. १९०१ ते १९७१ पर्यंत वाढीचा वेग वर्षास सुमारें १·३ मिलिमीटर होता, तो २००६ ते २०१८ या काळांत ३·७ मिलिमीटर झाला. उत्तर हिंदी महासागरांतही १९९३ ते २०१५ या अवधींत वर्षास सुमारें ३·३ मिलिमीटर अशी वाढ मोजली गेली आहे.

हे आंकडे लहान दिसतात, पण बांधाच्या दृष्टीनें लहान नाहींत. बांधाआडच्या जमिनीवर नदीचा गाळ बसत नाहीं, म्हणून ती उंच होत नाहीं. बाहेरील पातळी मात्र चढते. अर्थात् दोहोंतील अंतर वाढतें. मानशीचीं दारें ओहोटीला उघडतात, तो वेळ कमी होत जातो, आणि पावसाचें पाणी आंत अधिक काळ तुंबतें. कांदळवनाची गोष्ट निराळी. त्याची मुळें गाळ धरतात, त्यामुळें तें कांहीं अंशीं समुद्राबरोबर उंच होऊं शकतें, आणि मागें मोकळी जमीन असेल तर मागें सरकतेंही. परंतु मागें रस्त्याची भिंत असेल, तर पुढें समुद्र व मागें भिंत अशा पेंचांत तें मरतें. यापुढें प्रत्येक गांवीं विचारानें ठरवावें लागेल कीं कोणता बांध उंच करावा, कोणत्या जागीं तो मागें घ्यावा, आणि कोणतें खाजण खाडीस परत द्यावें. हा निर्णय नकाशावर हात ठेवून एकाच मापानें होणारा नाहीं.

(८)

आतां या विषयाचा आणि आपल्या व्यासंगाचा संबंध कोणता, तें सांगून लेख पुरा करतों. गांवकीच्या सभांचे ठराव, मानशीच्या पावणीचे रोखे, बांधाच्या दुरुस्तीचे हिशेब, खार बांधण्याकरितां दिलेले इस्ताव्याचे कौल, शिलोत्र्यांचे करारनामे, हद्दीच्या तंट्यांचे महजर, हे कागद मोडी, गोयकानडी व पोर्तुगीज अशा निरनिराळ्या लिपींत व भाषांत आहेत. त्यांत राजकारण नाहीं, लढाई नाहीं, थोर पुरुषाची सही नाहीं. म्हणून संग्राहक त्यांस हात लावीत नाहींत, आणि घरवाले त्यांस रद्दी समजतात. खाडीकांठच्या दमट हवेंत कसर व वाळवी यांस त्यांचा फडशा पाडावयास फार वर्षें लागत नाहींत.

वस्तुतः या कागदांतच प्रत्येक खाजणाचें नांव, त्याच्या चतुःसीमा, मानशीची जागा, बांधाची लांबी आणि दुरुस्तीचा भार कोणावर, हें लिहिलेलें असतें. एखाद्या जमिनीवर पूर्वीं भरतीचें पाणी येत असे कीं नाहीं, तेथें मानस होती कीं नाहीं, ती पडीक होती कीं कोणीं पडीक पाडली, या प्रश्नांवर आज लक्षावधि रुपयांचे व्यवहार व न्यायालयांतील दावे अवलंबून असतात. ज्या गांवचा कागद गेला, त्या गांवच्या पाणथळीचा साक्षीदार गेला. मग सरकारी उताऱ्यावर जें नांव लागेल तोच इतिहास ठरतो.

म्हणून या पत्राच्या वाचकांस विनंति अशी आहे. आपापल्या संग्रहांत किनारपट्टीवरील गांवांचे असे कागद असतील तर त्यांची स्वतंत्र यादी करावी. अशा कागदांत येणारीं स्थलनामें, विशेषतः खार, खाजण, मानस, उघाडी, पोंय, बांध हीं पदें ज्यांत आहेत तीं, तारीखवार टिपून ठेवावीं. मापें मूळांत असतील तशींच द्यावीं, आधुनिक मापांत रूपांतर करून मूळ गाळूं नये. शक्य तेथें त्या जागीं समक्ष जाऊन बांधाचा आज मागमूस आहे कीं नाहीं तें पाहावें, आणि गेल्या पिढींत ज्यांनीं उधाणांत बांध धरला अशा वृद्धांच्या तोंडची माहिती लिहून घ्यावी. तीं माणसें कागदांहूनही लवकर नाहींशीं होत आहेत.

अनिर्जितवर्म्याचा ताम्रपट टिकला, कारण तो तांब्यावर कोरला होता. त्याच्या नंतरच्या चौदा शतकांचा बांध मातीचा होता आणि त्याचा हिशेब कागदाचा. माती व कागद हे दोन्ही पाण्याचे भक्ष्य आहेत. मातीची राखण खाजणांतील लोकांनीं केली, आणि अजूनही कांहीं गांवीं करीत आहेत. कागदाची राखण करणें एवढें काम आपल्या वांट्यास आलें आहे. तें आपण करावें, इतकीच प्रार्थना आहे.